योगासन-स्पर्धा : परिभाषा आणि परीक्षण

इ. स. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये केंद्र शासनाच्या क्रीडा मंत्रालयाने ‘योग’ हा क्रीडाप्रकार म्हणून मान्य केला. डिसेंबर २०१६ मध्ये हीच मान्यता मागे घेण्यात आली. योगाची अनेक अंगे असून त्यांतील काहींची स्पर्धा होऊच शकत नाही, असे कारण त्या वेळी देण्यात आले. पुढे डिसेंबर २०२० मध्ये शासनाने पुन्हा मान्यता जाहीर केली. मात्र या वेळी मान्यता मिळाली ती ‘योगा’ला नव्हे, ‘योगासना’ला. पाच वर्षांच्या या घडामोडीत खेळात असा कोणता पालट झाला? मुले तीच होती, शिक्षक तेच होते, सतरंजीवरील आकृत्याही त्याच होत्या. पालट झाला तो नावात. एका सामासिक शब्दाने पूर्वीची हरकत दूर केली. शब्दाने केलेले हे कार्य वरवर पाहता कार्यालयीन सोयीचे वाटेल. परंतु ही स्पर्धा कशी खेळली जाते व तिचे गुण कसे ठरतात, हे समजून घ्यावयाचे तर त्या शब्दापासूनच आरंभ करणे इष्ट होय.

‘योग’ या शब्दाच्या मुळाशी जो ‘युज्’ धातू आहे, तो पाणिनीय धातुपाठात एकाहून अधिक वेळा येतो. रुधादि गणातील ‘युज्’ जोडण्याचा अर्थ सांगतो, तर दिवादि गणातील ‘युज्’ समाधीचा. पातंजल सूत्रांवरील व्यासभाष्य योगाचा अर्थ समाधी असाच लावते. समाधीची स्पर्धा भरविता येत नाही, हे २०१६ चा निर्णय घेणाऱ्यांना धातुपाठ न उघडताही कळले होते. ‘आसन’ या शब्दाची वाट मात्र निराळी आहे. ‘आस्’ म्हणजे बसणे; ‘आसन’ म्हणजे बसण्याची क्रिया, आणि बसण्याचे साधनही. गीतेच्या सहाव्या अध्यायात आसन येते ते प्रथम वस्तू म्हणून : फार उंच नाही, फार सखल नाही, दर्भ, मृगाजिन व वस्त्र एकावर एक अंथरलेले. मराठी घराघरांत देवपूजेसाठी जे ‘आसन’ घालतात ते याच अर्थाचे. पुढे हाच शब्द बसण्याच्या रीतीला लागू झाला, नंतर बसण्याशी संबंध नसलेल्या शरीराकृतींनाही. मयूरासनात कोणी बसत नाही आणि शवासनात तर नाहीच नाही. तरी पंधराव्या शतकाच्या सुमाराच्या हठप्रदीपिकेत वर्णिलेल्या पंधरा आसनांत या दोहोंचा समावेश आहे. घेरंडसंहितेत ही संख्या बत्तीस होते. स्पर्धेच्या नियमपुस्तकात आसन हा शब्द आणखी एक पायरी पुढे गेलेला दिसतो. तेथे आसन म्हणजे गुणांकनाचे एकक होय.

या स्थित्यंतराची दोन टोके एकाच जिल्ह्यात, किंबहुना एकाच नदीकाठी सापडतात, हा योगायोग नोंदविण्याजोगा आहे. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे हे प्रवरेच्या तीरावरील गाव. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी तेथे सिद्ध झाली आणि तिच्या सहाव्या अध्यायात आसन, मूळबंध व कुंडलिनी यांचे मराठीतील पहिले सविस्तर निरूपण आले. त्याच प्रवरेवर वरच्या अंगाला संगमनेर वसले आहे. गेल्या काही वर्षांत हे गाव योगासन या खेळाचे महाराष्ट्रातील एक प्रमुख केंद्र बनले. तेथील शालेय प्रशिक्षणातून तयार झालेल्या मुलामुलींनी ‘खेलो इंडिया’सारख्या राष्ट्रीय स्पर्धांत राज्याच्या संघात स्थान मिळविले. जिल्ह्याच्या दक्षिणेस, पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीसारख्या गावांना या दोहोंखेरीज तिसराच प्रकार परिचित आहे : २०१५ पासून दरवर्षी २१ जूनला होणारा सामुदायिक योगाभ्यास. त्यात सर्व जण एकाच वेळी एकच कृती करतात आणि कोणालाही गुण मिळत नाहीत. निरूपण, सामुदायिक अभ्यास आणि स्पर्धा या तिन्ही व्यवहारांत ‘आसन’ हाच शब्द वापरला जातो. त्याच्याकडून असलेली अपेक्षा मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळी असते.

पतंजलीने आसनासंबंधी अवघी तीन सूत्रे लिहिली. त्यांपैकी पहिल्यात दोन विशेषणे येतात : आसन स्थिर असावे आणि सुखकर असावे. दुसऱ्यात ते कसे साधते ते सांगितले आहे. प्रयत्न शिथिल केल्याने व चित्त अनंताशी एकरूप केल्याने. स्पर्धेचा सारा पेच या दोन विशेषणांत साठविलेला आहे. स्थैर्य बाहेरून दिसते. ते घड्याळाने मोजता येते, पाय किंवा हात थरथरला तर पाच माणसांना एकाच वेळी दिसतो. सुख मात्र करणाऱ्यालाच ठाऊक. परीक्षकाच्या हाती त्याची केवळ चिन्हे येतात : कपाळावर आठी आहे की नाही, जबडा आवळलेला आहे काय, बरगड्यांची हालचाल संथ आहे की श्वास कोंडून धरला आहे. चिन्ह आणि अर्थ यांचा संबंध येथे सैल आहे. सराव झालेला खेळाडू वेदना सोसूनही चेहरा प्रसन्न ठेवतो. ज्याला खरोखरच काही त्रास होत नाही असा एखादा मुलगा स्वभावतःच गंभीर दिसतो. प्रसन्न मुद्रेला गुण देणारा परीक्षक सुखाला गुण देतो की सुखाच्या अभिनयाला, हे त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही.

मराठी भाषेने हा भेद आपल्या क्रियापदांत फार पूर्वीपासून जपलेला आहे. ध्यान लागते, समाधी लागते, झोप लागते, तहान लागते. ‘लागणे’ या क्रियापदात ज्याच्या ठायी ती गोष्ट घडते तो कर्ता नसतो. तो षष्ठीत किंवा चतुर्थीत उभा असतो : ‘त्याचे ध्यान लागले’, ‘तिला झोप लागली’. उलट ‘लावणे’, ‘घालणे’, ‘करणे’ यांच्या भूतकाळी प्रयोगात ‘ने’ प्रत्ययाचा कर्ता पुढे येतो : ‘तिने आसन केले’. जुन्या परिभाषेत ‘आसनजय’ आणि ‘आसनसिद्धी’ हे शब्द आहेत. आसन सिद्ध ‘होते’, म्हणजे दीर्घ अभ्यासानंतर ते एके दिवशी साधकाच्या ठिकाणी स्थिरावते. गुण द्यावयाचे तर मात्र ‘ने’ प्रत्ययाचा कर्ताच हवा. लागलेल्या झोपेला बक्षीस देता येत नाही. याच कारणाने प्रशिक्षणाच्या आजच्या बोलीत ‘लागणे’ मागे पडून ‘घेणे’, ‘धरणे’, ‘सोडणे’ ही क्रियापदे रूढ झाली, आणि त्यांच्या जोडीला ‘होल्ड’, ‘बॅलन्स’, ‘रूटीन’ हे शब्द जिम्नॅस्टिक्सच्या मैदानावरून आले. ‘आसन होल्ड कर’ हे वाक्य कानाला कितीही खटकले तरी त्याचा आशय नेमका आहे. त्यात प्रयत्न शिथिल करण्याची सूचना नाही. प्रयत्न टिकविण्याची आज्ञा आहे.

आता प्रत्यक्ष परीक्षण कसे होते ते पाहू. स्पर्धकांची विभागणी वय व लिंग यांनुसार होते. सब-ज्युनिअर, ज्युनिअर, सीनिअर असे गट सर्वत्र परिचित आहेत. स्पर्धाप्रकारांचे दोन प्रवाह आहेत. ‘पारंपरिक’ प्रकारात स्पर्धक एकामागून एक आसने स्वतंत्रपणे दाखवितो. काही नेमून दिलेली, काही स्वतः निवडलेली. प्रत्येक आसन ठरलेल्या सेकंदांपर्यंत निश्चल ठेवावे लागते. ही निवड एकाच कौशल्याकडे झुकू नये म्हणून पुढे वाकण्याची, मागे वाकण्याची, पिळाची, पायांवरील तोलाची व हातांवरील तोलाची आसने असे वर्ग पाडलेले असतात. दुसरा प्रवाह ‘कलात्मक’ प्रकारांचा. यात संगीताच्या साथीने आसनांची साखळी गुंफली जाते आणि एका आसनातून दुसऱ्यात जाण्याची रीतही परीक्षणाचा विषय होते. दोन स्पर्धकांच्या तालबद्ध प्रकारात दोघांच्या हालचाली आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे जुळाव्या लागतात. कलात्मक जोडीत एकाचे शरीर दुसऱ्याचा आधार बनते. २०२० च्या मान्यतेच्या वेळी चार स्पर्धाप्रकार व सात विभाग मिळून ५१ पदकांचा प्रस्ताव मांडण्यात आला होता. पुढे २०२२ च्या गुजरातमधील व २०२३ च्या गोव्यातील राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत योगासनाचा समावेश झाला.

परीक्षकाची दृष्टी कशावर असते, हे एकेका आसनावरून अधिक स्पष्ट होईल. पश्चिमोत्तानासनात गुडघे जमिनीला टेकलेले हवेत आणि पोट, छाती, हनुवटी या क्रमाने धड पायांवर विसावले पाहिजे. पाठीला कुबड काढून कपाळ गुडघ्याला लावणारा स्पर्धक प्रेक्षकांना पूर्ण वाटतो, परीक्षकाला नाही. मयूरासनात शरीर जमिनीला समांतर आहे किंवा कसे, हे बाजूने पाहणाऱ्यालाच कळते. समोर बसलेल्या परीक्षकाला केवळ चेहरा व कोपरे दिसतात. हनुमानासनात मागचा पाय बाहेर वळवून कंबर तिरकी केली की दोन्ही पाय जमिनीला सहज टेकतात, म्हणून तेथे पायांपेक्षा कंबरेकडे पाहावे लागते. पूर्ण मत्स्येंद्रासनात पिळ मणक्यात पडला आहे की नुसत्या खांद्यात, हे ओळखण्यास वर्षानुवर्षांची नजर लागते. परीक्षकांना निरनिराळ्या कोनांत का बसवावे आणि स्पर्धकाने अंगालगतचे वस्त्र का वापरावे, याचे उत्तर अशा तपशिलांत आहे.

परीक्षकाला मराठीत ‘पंच’ म्हणण्याची जी रूढी आहे ती येथे अक्षरशः लागू पडते, हे गमतीने सांगावयास हरकत नाही. अनेक योगासन-स्पर्धांत पाच परीक्षक गुण देतात. त्यांतील सर्वांत जास्त व सर्वांत कमी गुण वगळून उरलेल्या तिघांची सरासरी काढतात. पंचांपैकी दोघांचे म्हणणे दरवेळी बाजूला ठेवावयाचे, ही योजना गावच्या पंचायतीला रुचली नसती. परंतु पक्षपात आणि चूक या दोहोंवरही तो एक बरा उपाय आहे. ‘गुण’ हा शब्दही दुहेरी आहे. वस्तूच्या अंगी असतो तो गुण, आणि कागदावर दिला जातो तोही गुण. दुसरा पहिल्याचे माप असावा, ही सर्व परीक्षांची मूक प्रतिज्ञा होय.

ही प्रतिज्ञा पाळणे इतर खेळांनाही सोपे गेलेले नाही. जिम्नॅस्टिक्समध्ये २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमधील गुणांकनाचे वाद विकोपाला गेल्यानंतर, २००६ पासून दहापैकी दहाची जुनी पद्धत सोडून काठिण्य आणि सादरीकरण यांचे गुण वेगळे करण्यात आले. योगासनाच्या कलात्मक प्रकारांनीही काठिण्याचा वेगळा हिशेब स्वीकारला आहे. या हिशेबात एक ओढ दडलेली असते. काठिण्याला किंमत आली की खेळाडू कठीणाकडे वळतो, आणि योगासनात कठीण म्हणजे बहुधा अधिक वाकलेले. मल्लखांबात ही ओढ काहीशी आवरली जाते, कारण तेथे लाकडी खांब हा निष्पक्ष साक्षीदार उभा असतो; पकड सुटली की खेळाडू खाली येतो आणि वाद उरत नाही. सतरंजीवर असा साक्षीदार नाही. 

संहितेच्या कर्त्यांपुढे आणखी एक अडचण येते. ती निव्वळ भाषेची आहे. एक नाव व एक आकृती असा मेळ परंपरेत कोठेच नाही. आज वज्रासन म्हटले की गुडघे दुमडून टाचांवर बसणे डोळ्यांपुढे येते. हठप्रदीपिकेत मात्र वज्रासन हे काहींच्या मते सिद्धासनाचेच दुसरे नाव आहे, आणि ज्ञानेश्वरीत ते मूळबंधाच्या बैठकीचे गौण नाव म्हणून येते. हठप्रदीपिकेतील भद्रासनाला सिद्ध योगी गोरक्षासन म्हणतात, असे तोच ग्रंथ नोंदवितो. विसाव्या शतकात ही विविधता कमी न होता वाढली. लोणावळ्यास १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी स्थापलेले कैवल्यधाम आणि पुण्यात १९३७ पासून शिकविणारे बी. के. एस. अय्यंगार, या दोन मराठी मुलखातील परंपरांतही काही आसनांची नावे जुळत नाहीत. गुरूच्या सन्निध शिकणाऱ्याला याचा त्रास नव्हता. गुरू दाखवील ते आसन. परंतु संगमनेरच्या मुलीने दाखविलेली आकृती पाहून अन्य राज्यातील परीक्षकाने गुण द्यावयाचे असतील, तर नाव पुरत नाही. त्यासाठी चित्र लागते, चित्राखाली सांध्यासांध्याची अट लागते. नियमपुस्तक हे या अर्थाने कोशकाराचे काम आहे. प्रत्येक नोंदीला एकच अर्थ ठरविताना कोणती तरी परंपरा प्रमाण ठरते व बाकीच्या अशुद्ध ठरतात, जसे प्रमाणभाषेच्या बाबतीत घडते.

कुवलयानंदांनी क्ष-किरण व दाबमापक यांच्या साहाय्याने योगक्रियांची मापे घेतली, म्हणून मोजमापाचा आरंभ त्यांच्यापासून धरावा असे सुचविले जाते. ते अंशतःच खरे आहे. कैवल्यधामात मोजला गेला तो क्रियेचा शरीरावरील परिणाम. स्पर्धेत मोजला जातो तो करणारा. पहिल्या मापात कोणी हरत नाही.

हरण्या-जिंकण्याला महाराष्ट्रात व्यावहारिक वजनही आहे. शालांत परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. कोणता खेळ व कोणती स्पर्धा मान्य धरावयाची यावर एखाद्या शेतकरी कुटुंबातील मुलाचे पुढील आयुष्य अवलंबून राहू शकते. २०१६ ची माघार आणि २०२० ची मान्यता यांचा खरा अर्थ अशा घरांत उमगला असेल. पण याच वजनाची दुसरी बाजूही आहे. खुब्याच्या सांध्याची उखळी प्रत्येकाची सारखी खोल नसते. काहींचे सांधे जन्मतःच सैल असतात. ज्या आकृतीसाठी एकाला दहा वर्षे झगडावे लागते ती दुसऱ्याला दहाव्या वर्षीच येते. सांधे सैल असणारे मूल निवडचाचणीत उठून दिसते, आणि नेमक्या अशाच मुलाला सांधा धरून ठेवणाऱ्या स्नायूंची जोपासना न करता अधिकाधिक वाकविले तर इजेचा धोका वाढतो. वाढत्या वयात मणका वारंवार मागे वाकविणाऱ्या जिम्नॅस्टांत कंबरेच्या मणक्याला सूक्ष्म भेगा पडण्याचे प्रमाण अधिक आढळते, हे वैद्यकाला माहीत आहे. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्सने १९९७ पासून मुलींसाठी किमान वयाची अट सोळा वर्षांपर्यंत नेली. योगासनाच्या पदकांत लहान वयोगटांचा वाटा मोठा असल्याने हा प्रश्न येथे अधिक निकडीचा आहे. पतंजलीचे दुसरे विशेषण येथे अध्यात्माचा विषय राहत नाही. सुख नसणे म्हणजे कोठे तरी दुखणे. आणि दुखणारे मूल पंचांसमोर ते दाखविणार नाही, कारण दाखविले तर गुण जातात.

काही जाणत्या परीक्षकांनी यावर शोधलेली वाट नियमपुस्तकाबाहेरची नाही, फक्त भर वेगळ्या जागी आहे. ते आकृती पूर्ण झाल्यावर जितके पाहतात, तितकेच ती सोडताना पाहतात. आसन धरून ठेवण्याचा आव आणता येतो, पण त्यातून बाहेर येण्याचा आणणे अवघड. जो स्पर्धक मागे वळलेल्या धडाला क्रमाक्रमाने, श्वासाबरोबर परत आणतो त्याचे स्नायू अजून त्याच्या ताब्यात आहेत. जो वेळ संपताच एकदम कोसळतो किंवा हात टेकून सुटका करून घेतो, त्याने तेवढे सेकंद निव्वळ सहन केलेले असतात. पारंपरिक प्रकारात घंटा वाजल्यानंतरचे हे दोन-तीन क्षण प्रेक्षकांच्या टाळ्यांत बहुधा हरवून जातात.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये नवी दिल्ली येथील आपल्या सभेत आशियाई ऑलिंपिक परिषदेने २०२६ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत योगासनाला प्रात्यक्षिक खेळ म्हणून स्थान देण्यास मान्यता दिली. त्यामुळे संस्कृत नावांची ही कोशरचना ज्यांना संस्कृत वा मराठी येत नाही अशा परीक्षकांच्या हाती जाणार आहे. त्यांना वज्रासनाचा इतिहास ठाऊक असण्याचे कारण नाही. त्यांच्यापुढे क्रमांक, चित्र आणि सेकंद असतील. जे मराठीत ‘लागते’ त्याला त्या तक्त्यात रकाना कोणता द्यावयाचा, हे मात्र अद्याप कोणत्याही भाषेत ठरलेले नाही.